बॅगेखालचा पेपर

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते आणि परीक्षेचा फॉर्मही भरला आहे. पोस्टमन दारात उभा राहिला की तुझ्या छातीत धडधडतं, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे अख्ख्या घराशी बोलणं. तू मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकरवर टाकतेस आणि भाकऱ्या थापत राहतेस. मी तीन वाक्यं बोलले की मधूनच अण्णांचा आवाज येतो, धाकटा ओंकार काहीतरी चेष्टा करतो आणि मग तू 'बरं, ठेवू का, तवा तापलाय' म्हणून मोकळी होतेस. मला या वेळी तवा थंड असताना तुझ्याशी बोलायचं आहे. अण्णा दूध घालायला डेअरीवर गेले की ओट्यावर बस, चष्मा लाव आणि सावकाश वाच. दर श्रावणात अख्खी पोथी वाचतेस, तर माझं वेडंवाकडं अक्षरही लागेल तुला.

आधी घरच्या चौकशा. भात पोटरीला आला असेल ना? शुगरच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेतेस की फक्त आठवण झाली की? सात वर्षं झाली तुझ्या शुगरला, आणि अजून तू ती पाहुणी असल्यासारखी वागतेस. आणि हो, ओंकारने सांगितलेला तुझा चपलेचा किस्सा मी इथं सगळ्या होस्टेलला ऐकवला. लावणी उरकून तू बांधाबांधाने घरी आलीस, ओट्यावर पाय धुवायला बसलीस आणि तेव्हा कुठं तुला दिसलं की डाव्या पायात चप्पलच नाही. ती सापडली गोरक्षनाथकाकांच्या बांधावर, अर्ध्या वाटेवर. अण्णा म्हणाले म्हणे, ही बाई कामात एवढी गुंग असते की चप्पल काय, पाय गळून पडला तरी हिला कळायचं नाही. मेसमध्ये पोरी पोट धरून हसल्या. मीही हसले. त्या चपलेकडे मी परत येणार आहे, तेवढं लक्षात ठेव.

आता अभ्यासाचं. सातवं सत्र संपत आलं, म्हणजे आता एकच राहिलं. तुला अजून वाटतं की नर्सिंग म्हणजे सुया टोचणं आणि सलाईन लावणं. पहिली तीन वर्षं तसंच होतं म्हण. पण वॉर्डात पेशंट आमच्या दारी आलेला असतो. खाट आमची, चादर आमची, भेटायची वेळसुद्धा आम्ही ठरवणार. शेवटच्या वर्षाला सगळं उलटं होतं. सामाजिक आरोग्य नावाचा विषय आहे, त्यासाठी गावात जाऊन राहायचं, वाट्याला आलेली पाच कुटुंबं सांभाळायची, त्यांच्या दारात उभं राहायचं. त्यांनी आत घेतलं तर काम सुरू, नाही घेतलं तर उन्हात परत. आम्हाला सुप्याच्या पुढचं एक गाव मिळालं होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तू लगेच तिथली कुणीतरी पाहुणी शोधून काढशील.

या घरभेटीला एक बॅग असते आणि त्या बॅगेचे नियम आमच्याकडून मंत्रासारखे पाठ करून घेतात. घरात गेल्यावर आधी परवानगी मागायची. स्वच्छ कोपरा बघायचा, तिथं वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची. वरच्या कप्प्यातला साबण काढून हात धुवायचे आणि मगच बॅगेत हात घालायचा. काम झालं की परत हात धुवायचे, पेपर जमिनीला लागलेली बाजू आत घेऊन घडी करायचा. घर घाण आहे म्हणून नाही गं. एकाच दिवसात आम्ही चार घरं फिरतो, एकाकडचा आजार दुसऱ्याकडे आमच्या बॅगेवर बसून जाऊ नये म्हणून. आणि पेशंटच्या घरी खायचं-प्यायचं नाही, हे आम्हाला हा विषय शिकवणाऱ्या शेळके मॅडमनी वेगळं बजावलेलं. मला तर हे मागच्या वर्षीच पाठ झालं होतं, कारण माझ्या खोलीतली रेश्मा शेवटच्या वर्षाला होती आणि माझ्या खाटेवर सराव करायची. मी पेशंट व्हायचे, तू पाठवलेले डिंकाचे लाडू खात पडून राहायचे, आणि ती 'आजी, आत येऊ का?' असं खोलीच्या दाराबाहेरून विचारायची. दर वेळी खरोखर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन हात धुऊन यायची. मी म्हणायचे, अगं सराव आहे, धुतल्यासारखं कर. ती म्हणायची, सरावात चोरी केली की खऱ्यातही हात चोरी करतो.

तर पहिलं घर मिळालं उत्तमरावांचं. मोठा बंगला, गुळगुळीत टाइल्स, दारात ट्रॅक्टर. काकूंना बीपी. मला सोफ्यावर बसवलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग 'आपल्यातलीच की तू' म्हणून आणखी जवळ सरकल्या. त्यांच्या मावसबहिणीची सून आपल्या अकोले तालुक्यातली निघाली. बीपी मोजलं, मीठ कमी खा म्हणून सांगितलं, चहा झाला, चिवडा झाला, कुटुंबाच्या नोंदींचं फोल्डर भरून झालं. पहिल्याच घरी एवढं सुरळीत पार पडलं म्हणून मी खूश होऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी रतनबाईंच्या घरी गेले. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर, शहाबादी फरशी नुकतीच पुसलेली, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली ताजी फुलं. रतनबाई साठीच्या पुढच्या, काटक, बोलायला फटकळ. मुलगा सुनील सुप्याच्या कंपनीत पाळीवर जातो. रतनबाईंच्या पायाला चिंधी बांधलेली होती. चपलेत खडा अडकला, दिवसभर त्याच्यावरच चालल्या, संध्याकाळी रक्त दिसलं तेव्हा कळलं. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली रुपयाएवढी जखम होती. मी अगदी मॅडम परीक्षा घेत असल्यासारखं सगळं केलं. कोपरा निवडला, पेपर पसरला, त्याच्या घड्या हाताने सरळ केल्या, बॅग ठेवली, हात धुवायला पाणी मागितलं. शुगर तीनशे चाळीस निघाली. जखम धुतली, पट्टी बांधली, परत हात धुतले, दवाखान्यात जायला सांगितलं. त्या लंगडत उठल्या, चहा टाकू लागल्या. मी म्हटलं, नको आजी, नियम आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या पेपरकडे बघितलं आणि 'बरंय' म्हणाल्या. फोल्डरमध्ये मी लिहिलं: सहकार्य उत्तम.

दोन दिवसांनी पट्टी बदलायला गेले तर उंबऱ्याबाहेर एक वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. चारही कोपऱ्यांवर खडे, वाऱ्यानं उडू नये म्हणून. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. रतनबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लुगड्याखाली घेतलेला. म्हणाल्या, 'ये, बस. आज तुझा पेपर मीच टाकून ठिवलाय. हात धुवायला पाणी बी हाय.' मी बसले. काय करणार? त्यांनी माझी, तुझी, अण्णांची, आपल्या भाताची सगळी विचारपूस केली, एवढ्या गोडीत की मला वाटलं, रागावलेल्या नसतील. मग मी पायाचं विचारलं तर म्हणाल्या, 'पाय न्हाई मिळायचा. तुला माझी भुई चालत न्हाई, मग पाय कशाला चालतुया?'

मला राग आला, आई. खरं सांगते. आपण एवढं उन्हातान्हात जातो, त्यांच्याच भल्याचं करतो आणि वर हे ऐकायचं! मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, कारण नीट समजावून सांग, लोकांना कारण कळलं की पटतं. मग मी तिसऱ्यांदा गेले आणि उंबऱ्याबाहेरच्या त्या पेपरवर बसून जंतू, संसर्ग, एका घरातून दुसऱ्या घरात, असं सगळं प्रवचन दिलं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, 'म्हंजी हा नियम समद्या घरांना हाय?' मी म्हटलं, हो आजी, सगळ्यांना. 'उत्तमरावाच्या घरी टाकला व्हतास का?' मी उगाच फोल्डर चाळायला लागले. त्या सावकाश म्हणाल्या, 'मी त्यांच्याच मागच्या पडवीत बाजरी निवडीत बसले व्हते. तुझी बॅग सोफ्यावर व्हती. चा बी प्यालीस. बशीत वतून प्यालीस. नियम असंल तर दोन्हीकडं असू दे पोरी. न्हाईतर कुटंच नको.'

आई, मी अक्षरशः पळून आले. कारण त्यांचं खरं होतं. त्या बंगल्यात पेपर काढायला माझा हातच गेला नव्हता. काकू काय म्हणतील, आपल्यातल्याच बाईच्या सोफ्यावर हिला घाण दिसते का, असं वाटून बॅग तशीच ठेवली होती. हातही धुतले नव्हते. आणि रतनबाईंकडे मला एकदाही असं वाटलं नाही की यांना काय वाटेल. तिथं नियम कसा आपोआप आठवला! मी काही वाईट मनात आणून केलं नाही, हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. दहाव्यांदाही ते पुरेसं वाटलं नाही.

आमच्या अभ्यासात एक प्रकार असतो. पेशंटशी झालेलं बोलणं घरी येऊन शब्दन् शब्द लिहायचं. तीन रकाने: पेशंट काय बोलला, मी काय बोलले, आणि त्या वेळी मला काय वाटलं. पहिले दोन मी भरले. तिसऱ्याशी येऊन बसले तर मला आपल्या ओट्यावरचा कोनाडा आठवला. त्यातला निळ्या फुलांचा काचेचा ग्लास. मी सहा-सात वर्षांची असेन, लावणीला आलेली भागिरथीमावशी पाणी पिऊन ग्लास ठेवत होती आणि मी धावत येऊन त्यातलंच उरलेलं पाणी प्यायले. तू हातातून ग्लास काढून घेतलास. मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. फक्त हळूच म्हणालीस, 'तो आपला नाही.' भागिरथीमावशी तिथंच उभी होती आणि ती हसली. ते हसू मला तेव्हा साधं वाटलं होतं. आणि तीच तू, मावशीच्या नवऱ्याला साप चावला तेव्हा तिच्या घरी तीन दिवस भाकरी घेऊन जात होतीस. तिच्या पोरीच्या लग्नात तू नेसवलेली साडी सगळ्या गावात उठून दिसली होती. तू वाईट नाहीस, हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगेन. पण तो ग्लास कोनाड्यातच राहिला, आणि मला वाटतं माझ्या बॅगेखालचा पेपर मी तिथूनच उचलून नेला होता.

तो तिसरा रकाना मी कोरा ठेवला. त्याहून वाईट म्हणजे पुढचे काही दिवस मी विहाराकडची वाटच टाळली. फोल्डरमध्ये दोनदा 'घर बंद' असं लिहिलं. घर उघडं होतं, आई. लांबून मला दारातला तो पेपर दिसत होता. असे एकूण नऊ दिवस गेले, त्या पायाला कुणी हात न लावता. नवव्या दिवशी शेळके मॅडमनी फोल्डर तपासताना विचारलं, तीनशे चाळीस शुगर आणि पायाला जखम असलेली बाई घर बंद करून जाते कुठे? मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, झाडतील. त्या एवढंच म्हणाल्या, मग आधी कुठल्या घरी जायचं ते तुला कळलंच असेल.

मी उत्तमरावांकडे गेले. दारात परवानगी मागितली. सोफ्यावर न बसता टाइल्सवर पेपर पसरला. काकू बघतच राहिल्या. 'अगं, आमच्याकडं रोज फिनाइलनं पुसतात!' हात धुतले, बीपी घेतलं, परत हात धुतले, चहा नको म्हटलं. काकूंचं तोंड एवढंसं झालं. मी त्यांना सांगितलं की मागच्या वेळी चुकले होते, हा नियम सगळ्या घरांना आहे. त्या 'असंल बाई' म्हणाल्या, पण निरोप द्यायला दारापर्यंत आल्या नाहीत. तिथून सरळ रतनबाईंच्या उंबऱ्याशी गेले. मला पाठ करून ठेवलेलं एक वाक्य बोलायचं होतं, पण त्याआधीच त्या आतून हसायला लागल्या. काकूंनी तेवढ्यात त्यांना फोन करून तक्रार केली होती म्हणे, ही शिकाऊ पोरगी आमच्या घरात पेपर टाकते! 'लई ठसका लागला बाईला,' रतनबाई म्हणाल्या. मग हसू थांबलं आणि त्यांनी बाहेरचा पेपर उचलून मला आत घेतलं. मी म्हटलं, आजी, चुकले मी. त्या म्हणाल्या, 'ठाऊक हाय. आता पाय बघ, लई वास मारतुया.'

बोट काळं पडलं होतं. सुनील पाळीवर होता, त्याला फोन केला, तो कंपनीतून थेट आला. जीप करून आधी जवळच्या दवाखान्यात आणि तिथून नगरला नेलं. मी त्यांच्याबरोबर गेले. बोट काढावं लागलं, आई. पाय वाचला, बोट गेलं. मी डॉक्टरांना एका बाजूला गाठून विचारलं, नऊ दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित वाचलं असतं, कदाचित नाही. हे 'कदाचित' आता माझ्यापाशीच राहणार आहे. रतनबाईंना मी तेही सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, मी बी हट्टाला पेटले व्हते की, निम्मं बोट तुझ्यामुळं गेलं, निम्मं माझ्यामुळं. मला रडू आलं आणि त्यांना हसू, आणि शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघत बसली.

गावातले उरलेले दिवस मी रोज त्यांच्या घरी पट्टी बदलायला जात होते. पेपर टाकून, हात धुऊन, सगळं नियमानं. शेवटच्या दिवशी शेळके मॅडमही बरोबर होत्या. रतनबाईंनी न विचारता चहा आणून समोर ठेवला. मी मॅडमकडे बघितलं, मॅडम भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत होत्या. मी प्यायले. मग मॅडमनीही कप उचलला. कप ठेवते न ठेवते तोच रतनबाईंनी हुकूम सोडला, 'आता जाताना उत्तमरावाकडं बी पिऊन जा. मोडायचा तर दोन्हीकडं मोड.' काकूंनी आधी नाक मुरडलं, मग साखर जास्त घालून केला.

तर आता चपलेकडे येते. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर रतनबाईंना तपासत होते तेव्हा त्यांनी विचारलं, आजी, चालताना चप्पल कधी पायातून निसटून जाते आणि कळतच नाही, असं होतं का? रतनबाई म्हणाल्या, व्हय, लई येळा. मी त्यांची फाइल धरून उभी होते. डॉक्टर मला सांगत होते की शुगर वर्षानुवर्षं वर राहिली की पायाच्या नसा मरतात, दुखणं कळत नाही, खडा कळत नाही, चप्पल गेलेली कळत नाही. हे मला पाठ होतं, आई. यावर मी परीक्षेत दहापैकी नऊ मार्क घेतलेत. आणि तुझा किस्सा ऐकून मी मेसमध्ये हसले होते. तू कामात गुंग नव्हतीस. तुझ्या पायाला कळलं नव्हतं.

त्याच दिवशी मी रेश्माला फोन केला. जूनमध्ये तिची नेमणूक आपल्याच गावच्या उपकेंद्रात झाली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! मला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस मऊ भात भरवणारी, तू फोनवर जिला 'माझ्या पोरीकडं लक्ष ठेव गं बाई' म्हणायचीस, दर सुट्टीनंतर जिच्यासाठी तू वेगळ्या डब्यात लाडू द्यायचीस, ती आता तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण तीन वर्षांत मी तुला तिचं आडनाव कधी सांगितलं नाही. ती तीनदा म्हणाली, भंडारदऱ्याला ने ना, तुमच्या घरी राहू. मी दर वेळी काहीतरी कारण काढलं, कधी लावणी, कधी पाहुणे. तिने चौथ्यांदा विचारलं नाही. मग जूनमध्ये ती पहिल्यांदा आपल्या घरी येऊन गेली आणि तू फोनवर म्हणालीस, 'तुझी मैत्रीण आली होती. चांगली पोरगी आहे.' मग म्हणालीस, 'तू सांगितलं नव्हतंस.' मला कळलं, आणि मी काही कळलं नाही असं दाखवून पावसाचं विचारलं. म्हणजे चूक तुझी एकटीची नाही. मी लपवलं नसतं तर तुला विचार करायला तीन वर्षं मिळाली असती.

रेश्मा माझ्या सांगण्यावरून दोनदा तुझे पाय तपासायला आली. रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, आई म्हणतात पाय चांगले आहेत, ओट्यावरूनच गप्पा मारून आले, पायाला हात लावू दिला नाही. चहा मात्र छान होता. मी विचारलं, कशात दिला? ती म्हणाली 'ग्लासात', आणि पटकन तुझ्या गोळ्यांबद्दल बोलायला लागली. ग्लासाबद्दल तिनं एक अक्षर तक्रार केली नाही. पण आपल्या घरी चहा ग्लासात कोण पितं, आई? मला उंबऱ्याबाहेर पसरलेला तो पेपर आठवला. फक्त या वेळी आत बसून पाय लपवणारी बाई माझी आई होती.

हे पत्र त्यासाठी लिहिलं. येत्या सोमवारी सकाळी रेश्मा परत येईल. तिला ओट्यावर बसवू नकोस, आत ने. स्वयंपाकघरात खिडकीपाशी उजेड चांगला असतो, तिथं बस. ती जमिनीवर पेपर टाकेल. रागावू नकोस, ती सगळ्या घरी टाकते, आणि तिच्याइतका नीट कुणी टाकत नाही. मग ती हात धुईल, तुझा पाय मांडीवर घेईल, बारीक दोरा टेकवून विचारेल की कळतंय का. डोळे मिटून खरं सांग. नसलं कळत तर नाही म्हण, माझ्या परीक्षेची काळजी करून खोटं बोलू नकोस. पाय तुझे असले तरी ते मला हवेत, दहाच्या दहा बोटांसकट. झालं की चहा कर, आलं घालून, तू पितेस त्या कपबशीत. ती नियमाप्रमाणे नको म्हणेल, तू दोनदा आग्रह कर. आणि रेश्माला कप पण भागिरथीमावशीला ग्लास, असंही करू नकोस, नाहीतर तो माझ्या पेपरसारखाच प्रकार होईल. ग्लास कोनाड्यातून काढवत नसेल तर राहू दे, मी भांडणार नाही. दिवाळीला घरी आले की मी ओट्यावरच बसेन, तुझ्याकडे चहा मागेन आणि तो त्याच ग्लासात दे म्हणेन. मग तू तो माझ्या हातात कसा देतेस, ते बघू.

सोमवारच्या फोनची वाट बघणारी,
तुझीच
वृषाली